रजा संपली, पगार थांबला : शिफ्ट सुटल्यावर घरी जाताना झालेल्या अपघाताचं एक प्रकरण

हे प्रकरण २०२३ सालचं आहे. माणसांची आणि कारखान्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नियम, पैशांचा हिशेब आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे. मी लहान कारखान्यांचं पीएफ आणि ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) काम बघते, त्यामुळे दोन्ही बाजूंची कागदपत्रं माझ्या हाताखालून गेली.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा साठेक कामगारांचा कारखाना. तिथे पॉवर प्रेसवर काम करणारे एक ऑपरेटर, वय अडतीस. कारखान्यात सगळे त्यांना दादा म्हणत, इथेही तेच नाव वापरते. घरी पत्नी, दोन मुलं आणि आई. कमावणारे ते एकटेच.

दादांचा ईएसआयचा विमा क्रमांक जुना होता. आधीची नोकरी मार्च २०२२ मध्ये सुटली, चार महिने हाताला काम नव्हतं आणि १ ऑगस्ट २०२२ ला ते या कारखान्यात लागले. क्रमांक तोच पुढे चालू झाला. पगार दिवसाला सरासरी ६०० रुपये पडायचा, म्हणजे ईएसआयच्या २१,००० रुपये महिना या मर्यादेच्या बराच आत. पगारातून कामगाराचा ०.७५ टक्के हिस्सा कापला जात होता आणि कंपनी आपला ३.२५ टक्के भरत होती. भरणा वेळेवर होता, हे मुद्दाम सांगते. अशा प्रकरणांत बऱ्याचदा पहिली गाठ तिथेच बसलेली असते. इथे ती नव्हती.

९ फेब्रुवारी २०२३ ला दुसरी शिफ्ट रात्री अकराला सुटली. दादा मोटरसायकलवरून निघाले. मागे एक सहकारी बसला होता, त्याला त्याच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि परत मुख्य रस्त्याला लागताना वळणावरच्या खडीवर गाडी घसरली. दुसरं कुठलंही वाहन मध्ये नव्हतं. गुडघ्याच्या सांध्यातच हाड मोडलं. रस्त्यावरच्या लोकांनी १०८ ला फोन केला. पुढे ईएसआयच्या हॉस्पिटलमध्ये प्लेट आणि स्क्रू टाकून ऑपरेशन झालं. उपचारांना एक रुपयाही लागला नाही. अडचण सुरू झाली ती पगाराची.

अडचण

कंपनीच्या एचआरने पहिले सहा दिवस, १० ते १५ फेब्रुवारी, दादांच्या शिल्लक पीएलमध्ये (भरपगारी रजेत) टाकले. पुढचे दिवस बिनपगारी. त्यांच्या दृष्टीने विषय सरळ होता: माणूस आजारी आहे, ईएसआय आहे, पैसे ईएसआय देईल. ईएसआयच्या पॅनेल डॉक्टरांनीही सर्टिफिकेट साध्या आजारपणाचं दिलं.

मार्चच्या मध्यावर ईएसआयच्या ब्रँच ऑफिसने दावा नाकारला. कारण एका ओळीचं होतं: अंशदानाचे दिवस अपुरे. म्हणजे विम्याचा हिस्सा भरलेले दिवस कमी.

ते नियमाला धरूनच होतं. आजारपणाचा लाभ म्हणजे सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पण जानेवारी ते जून या काळात तो मिळायचा असेल तर आधीच्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांचं अंशदान लागतं. दादा त्या सहामाहीत फक्त ऑगस्ट आणि सप्टेंबर कामावर होते, म्हणजे ६१ दिवस. ऑक्टोबरपासून अपघातापर्यंत एकही खाडा नसताना त्या चार महिन्यांचा इथे काही उपयोग नव्हता, कारण ते दिवस पुढच्या लाभकाळासाठी, म्हणजे जुलैपासूनच्या सहामाहीसाठी मोजले जातात. पहिल्यांदाच विम्यात आलेल्या माणसाला या अटीत सूट आहे. दादांचा क्रमांक जुना असल्याने तीही लागू होईना.

घरी निरोप पोचला तो असा: ईएसआयने नाही म्हटलं. मग मार्चअखेर कंपनीचं पत्र आलं, की सलग गैरहजर असल्यामुळे नाव पटावरून का काढू नये याचा खुलासा करा. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हताच. त्यांनी विचारलं, "मॅडम, नोकरी गेली की पायाचं पुढचं ऑपरेशनही बंद होईल का?"

कागद चाळताना मी विचारलं, अपघात नेमका कुठे झाला. "कंपनीतून घरी येताना," त्या म्हणाल्या. दीड महिन्यात हा प्रश्न त्यांना कुणीही विचारला नव्हता. एचआरने नाही, डॉक्टरांनी नाही, ब्रँचच्या खिडकीवरही नाही.

या एका उत्तराने दाव्याची जात बदलते. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये तेव्हा कलम ५१-ई होतं, १ जून २०१० पासून लागू झालेलं. घरून कामावर किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघात हा कामातलाच अपघात मानायचा, मात्र अपघाताची परिस्थिती, वेळ आणि ठिकाण यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला पाहिजे. आणि कामातल्या इजेला ७८ दिवसांची अट नाही. कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी लाभ आहे. तात्पुरत्या अपंगत्वाचा हा लाभ पगाराच्या ९० टक्के दराने मिळतो आणि डॉक्टर अपंगत्व प्रमाणित करतील तोवर चालू राहतो. ९१ दिवसांची भिंत त्याला नाही. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कलमांचे आकडे बदलले. इथे या कायद्याच्या कलमांचे आकडे जुनेच दिले आहेत, पण येण्याजाण्यातल्या अपघाताची तरतूद तिथेही आहे.)

आता अडचण पुराव्याची होती. ईएसआयच्या हॉस्पिटलमध्ये हलवण्याआधी दादांना जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या केसपेपरवर लिहिलं होतं: पाय घसरून पडले. पोलीस केस होईल, गाडी अडकेल, या धास्तीने दादांच्या भावाने काउंटरवर तसं सांगितलं होतं. रस्त्यावरच्या अपघाताचा दावा करणाऱ्याच्या पहिल्याच कागदावर रस्त्याचा उल्लेख नव्हता.

समोरचे पर्याय

कंपनीपुढे आणि कुटुंबापुढे त्या आठवड्यात तीन वाटा होत्या.

एक, जुलैपर्यंत थांबायचं. जुलैपासून नवा लाभकाळ सुरू होणार होता आणि ऑक्टोबर ते मार्चच्या सहामाहीत ७८ दिवस सहज भरत होते. कंपनीला ही वाट सोयीची वाटत होती, कारण काहीच करावं लागत नव्हतं. पण फेब्रुवारी ते जून हे पाच महिने कोरडे गेले असते, आणि ज्याचा पाय प्लेटवर आहे त्याने जुलैनंतर आजारपणाच्या लाभासाठी धडपडायचं, याला अर्थ नव्हता.

दुसरी वाट उचल घेण्याची. मालक माणुसकीने पंचवीस हजार द्यायला तयार होते, पगारातून हप्त्याने कापून. वहिनींना ती पटत होती आणि मी त्यांना दोष देत नाही. मुलांची फी भरायची होती, आणि हातात येणारा पैसा कायद्याच्या कलमापेक्षा खरा वाटतोच. तरी ते कर्ज होतं. शिवाय उचल घेऊन प्रकरण मिटलं असतं तर गुडघ्यात कायमचं व्यंग राहिल्यास त्याचा दावा कशाच्या आधारावर करायचा, हा प्रश्न उरलाच असता. कामातली इजा म्हणून नोंदच नसेल तर अशा व्यंगाची टक्केवारी ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे जायला दारच नाही.

तिसरी वाट म्हणजे उशिरा का होईना अपघाताचा अहवाल भरायचा आणि दावा कामातली इजा म्हणून नव्याने लावायचा. अहवाल मालकाने भरायचा असतो. एचआरच्या साहेबांची अडखळण इथे होती. "अपघात गेटच्या आत झालेला नाही, मी कशाला अंगावर घेऊ?" त्यांना दोन भीती होत्या: फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल आणि नुकसानभरपाई कंपनीच्या खिशातून जाईल. दुसरी भीती तर पूर्ण उलटी आहे. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला कामातल्या इजेचे पैसे ईएसआयचं महामंडळ देतं, आणि कलम ५३ मुळे तीच भरपाई मालकाकडून वेगळ्या कायद्याखाली मागता येत नाही. कंपनी दर महिन्याला ३.२५ टक्के भरते ते याचसाठी. हे त्यांना कलम उघडून दाखवलं तेव्हा बोलणं पुढे सरकलं. तिसरी वाट ठरली.

काय केलं

आधी नोकरीच्या पत्राला उत्तर. कलम ७३ प्रमाणे तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्या, उपचार चालू असणाऱ्या किंवा रीतसर सर्टिफिकेट असलेल्या आजारामुळे गैरहजर असणाऱ्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही. उत्तर अर्ध्या पानाचं होतं, सोबत सगळी सर्टिफिकेटं जोडली. वकिली भाषा मुद्दाम टाळली, कारण त्याच साहेबांकडून पुढे अहवाल भरून घ्यायचा होता. पत्र मागे घेतलं गेलं. हे संरक्षण मात्र अमर्याद नाही. नियमांप्रमाणे सलग सहा महिन्यांनंतर, रीतसर नोटीस देऊन, मालकाला अशा कामगाराला कमी करता येतं. म्हणून ऑगस्टच्या आत काय ते व्हायला हवं, हे आम्ही तेव्हाच धरून चाललो.

मग पुरावे. कारखान्याच्या पंचिंग मशीनवर बाहेर पडण्याची वेळ ११:०४ होती. शिफ्टचा तक्ता होता. १०८ च्या नोंदीत फोनची वेळ, रुग्णाला उचलल्याचं ठिकाण आणि ‘दुचाकी अपघात’ असा शेरा होता. ठिकाण कारखान्यापासून घराच्या रस्त्यावरच, चार किलोमीटरवर. केसपेपरवर जे लिहिलं होतं त्यावर खाडाखोड करायची नाही, असं ठरवलं. भावाने आपण तसं का सांगितलं याचं प्रतिज्ञापत्र दिलं आणि दवाखान्याने रुग्णवाहिकेतून आल्याची नोंद असलेलं पान साक्षांकित करून दिलं. १०८ चा कागद नसता तर हे प्रकरण उभं राहिलं नसतं, असं मला आजही वाटतं.

या सगळ्यात सर्वांत अवघड निर्णय मागे बसलेल्या सहकाऱ्याचा होता. त्याला सोडायला दादा मुख्य रस्ता सोडून आत वळले होते. नेहमीच्या वाटेपासून दोन-तीनशे मीटर. घरच्यांचं म्हणणं, हे लिहूच नका. वाट वाकडी केली म्हणून दावा फेटाळतील. भीती निराधार नव्हती, कारण सगळा दावा नोकरीशी असलेल्या संबंधावरच उभा असतो आणि स्वतःच्या खासगी कामाला भलतीकडे गेलेल्या माणसाची बाजू खरोखर लंगडी पडते. पण लपवलं असतं तर एकमेव साक्षीदार हातातून जात होता. शिवाय चौकशीत ते बाहेर आलं असतं तर खऱ्या गोष्टींवरही संशय आला असता. आम्ही सगळं लिहिलं: शिफ्ट सुटली, एकाच शिफ्टचा सहकारी मागे होता, त्याला वाटेवरच्या गल्लीशी सोडलं, परत रस्त्याला लागताना पडलो. सहकाऱ्याने जबाब दिला. त्याच जबाबाने वेळेचा दुवा पक्का झाला. प्रत्येक प्रकरणात असं वळण मान्य होईलच असं नाही. इथे अंतर आणि वेळ दोन्ही थोडे होते.

कंपनीने ईएसआयच्या पोर्टलवर अपघाताचा अहवाल भरला, उशिराचं कारण वेगळ्या पत्रात दिलं. डॉक्टरांना सगळे कागद दाखवून पुढची सर्टिफिकेटं कामातल्या इजेची घेतली.

तरी पहिला हप्ता अडकला, आणि कारण होतं ते सहा दिवसांचे पीएल. ज्या दिवसाचा पगार रजेपोटी मिळाला आहे त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, असं कलम ६३ सांगतं. कंपनीने गैरहजेरीची पडताळणी करून दिली तेव्हा फेब्रुवारीची पगारस्लिप आणि दाव्याच्या तारखा जुळेनात. इथे निवड होती. ते सहा दिवस दाव्यातून वगळायचे, किंवा पीएल परत खात्यात जमा करून त्याचे ३,६०० रुपये कंपनीला परत करायचे आणि ईएसआयकडून ५४० रुपये दराने ३,२४० घ्यायचे. दिसायला ३६० रुपयांचं नुकसान. दादांनी ते घेतलं, कारण सहा भरपगारी रजा शिल्लक राहत होत्या आणि कामावर परतल्यावर फिजिओथेरपी आणि बोर्डाच्या तारखांना त्या लागणार होत्या. तशाच त्या पुढे वापरल्या गेल्या.

निकाल

मे महिन्यात अपघात कामातला म्हणून मान्य झाला. १० फेब्रुवारी ते १५ मे, ९५ दिवसांचे ५१,३०० रुपये एकदम बँकेत आले. पुढे ३१ जुलैला डॉक्टरांनी कामावर जाण्यालायक म्हणून शेवटचं सर्टिफिकेट दिलं. एकूण १७२ दिवस, ९२,८८० रुपये. आजारपणाचा दावा सगळ्या अटी पूर्ण करून मंजूर झाला असता तरी ९१ दिवसांचे ३८,२२० मिळाले असते.

फिटनेस मिळालं खरं, पण गुडघा पूर्ण वाकत नव्हता आणि प्रेसवर आठ तास उभं राहणं शक्य नव्हतं. ईएसआयमध्ये अर्धं काम, अर्धा लाभ अशी सोय नाही. माणूस एकतर सर्टिफिकेटवर असतो किंवा कामावर. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० प्रमाणे माणसाला काढता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या जागी सामावून घ्यावं लागतं. खासगी कारखान्याला ते कलम तसं बांधत नाही. तिथे समान संधी धोरण ठेवण्याचं बंधन आहे, आणि ते या कारखान्यात कागदावरसुद्धा नव्हतं. शेवटी जागा मिळाली ती सुपरवायझरमुळे. त्याने स्वतः सांगितलं की तपासणीच्या टेबलावर डोळस माणूस हवाच आहे, दादांना पार्ट हातात घेतला तरी चूक कळते. मूळ पगार तोच राहिला, प्रेसवरचा भत्ता गेला.

बोर्डाने कमाईक्षमतेतली घट १२ टक्के ठरवली. म्हणजे ५४० च्या १२ टक्के, रोज ६४ रुपये ८० पैसे, तीस दिवसांच्या महिन्याला १,९४४ रुपये, आयुष्यभर. पगार चालू असला तरी हे मिळतं. कामावर रुजू झालो की हे बंद होईल, असं दादांना कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यामुळे ते बोर्डापुढे जायलाच तयार नव्हते.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या रात्री काउंटरवर खरं सांगितलं असतं तर निम्मं काम तिथेच झालं असतं. पण घाबरलेल्या भावाकडून ती अपेक्षा मी ठेवत नाही. कंपनीकडून ठेवते. दुसऱ्या शिफ्टचा माणूस दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये आहे हे कळल्यावर एचआरने ‘किती दिवस रजा’ याआधी ‘कुठे आणि किती वाजता’ हे विचारायला हवं होतं. रजेच्या अर्जावर तो रकाना असता तर फेब्रुवारीतच अहवाल गेला असता. आता त्या कारखान्याच्या अर्जावर तो आहे.

पीएल आपोआप लावण्याची सवयही तपासायला हवी. चांगल्या हेतूने लावलेल्या त्या सहा दिवसांनी पहिला हप्ता अडवला. कामगाराला विचारून लावले असते तर त्याने बहुधा नाही म्हटलं असतं.

ब्रँच ऑफिसच्या नकारातही सुधारणेला जागा आहे. अंशदान अपुरं आहे हे बरोबर होतं, पण हाड मोडलेल्या माणसाला ते कसं मोडलं हे खिडकीवर विचारायला अर्धं मिनिट लागतं.

बोर्डाच्या १२ टक्क्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. गुडघ्याच्या सांध्यातल्या फ्रॅक्चरला कायद्याच्या परिशिष्टात ठरलेली टक्केवारी नाही, ती बोर्डाच्या तपासणीवर ठरते. दादा तिथे एक्स-रे आणि शेवटचं सर्टिफिकेट घेऊन गेले. ऑपरेशनची टिपणं नव्हती, फिजिओथेरपिस्टने मोजलेला गुडघ्याचा कोन नव्हता, प्रेसवर किती तास उभं राहावं लागतं याचं कंपनीचं पत्रही नव्हतं. अपिलाला तीन महिने होते. त्याच काळात त्यांनी सिव्हिल हॉस्पिटलमधून दिव्यांग प्रमाणपत्रही काढलं, तिथे वेगळा आकडा आला, आणि एका आकड्याने दुसरा खोटा ठरतो असं वाटून घरात गोंधळ झाला. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात: एक शरीराचं व्यंग, दुसरा त्या व्यंगामुळे कमाईवर पडणारी घट. ते समजून घेईपर्यंत अपिलाची मुदत सरत आली आणि दादांनी पुढे न जाण्याचं ठरवलं. निर्णय त्यांचा होता. ती तीन कागदपत्रं सोबत असती तर बोर्डाला काही वेगळं दिसलं असतं, असं मला वाटतं, आणि आता बोर्डाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या फाइलमध्ये मी ती आधी लावून घेते.